नोकर नाही, म्हणून रजाही नाही

मोठ्या लॉ फर्ममध्ये रुजू होणाऱ्या मुलीच्या हाती पहिल्या दिवशी जे पत्र पडते, त्यात बहुधा ‘नोकरी’ हा शब्द नसतो. ती ‘रिटेनर’वर असते. दरमहा ठरलेली रक्कम खात्यात येते, सुट्टी पार्टनरला विचारून घ्यायची असते, रात्री साडेदहाला आलेल्या ईमेलचे उत्तर त्याच रात्री द्यायचे असते आणि दिवसभराचा हिशेब टाइमशीटवर मिनिटांच्या तुकड्यांत मांडायचा असतो. तरीही ती कोणाची नोकर नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 49 सांगतो, की वकिली चालू ठेवायची तर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येणार नाही. वकील कोणाचा मिंधा नसावा, हा त्यामागचा विचार, आणि तो चांगलाच आहे. पण या स्वातंत्र्याचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते?

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रियांची मातृत्व रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. त्या वेळी कितीतरी कंपन्यांची धोरणे आपल्याच असोसिएट मुलींनी बसून लिहून दिली. स्वतःच्या रजेची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना पार्टनरच्या केबिनचे दार वाजवावे लागले. काही फर्म 26 आठवडे आनंदाने देतात, हे नमूद केलेच पाहिजे. पण ते देणे झाले, हक्क नव्हे. पार्टनर बदलला की देणेही बदलते.

जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-नोकर असे नाते नाही, त्यामुळे 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा तिथे लावता येणार नाही. मग उरते ती ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खालची गैरवर्तनाची तक्रार. कायद्याच्या चौकटीत निकाल समजण्यासारखा आहे. पण धागा तोच, हे लक्षात यावे.

नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. भारतात स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा आला 1923 साली. मधल्या काळात, 1904 पासून, त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींचे काम पाहत होत्या. वकील होता येत नव्हते म्हणून त्यांनी सरकारी नोकरी धरली. आज त्यांच्या पणत्या शोभाव्यात अशा मुली वकील आहेत, म्हणून नोकरीतले संरक्षण त्यांना नाही.

कोर्टात उभे राहणाऱ्यांचे हाल वेगळे. 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात तत्कालीन सरन्यायाधीश रमणा यांनीच सांगितले होते, की देशातल्या 26 टक्के न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नाही. आठव्या महिन्यात बोर्डावरच्या मॅटरची वाट पाहत दिवसभर बसणाऱ्या वकिलीणबाईंना या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

फर्ममध्ये आणखी एक ओझे असते, ज्याला ओझे म्हणायची चोरी आहे. डायव्हर्सिटी कमिटी. मोठे क्लायंट, विशेषतः परदेशी, फर्मला विचारतात: तुमच्याकडे किती स्त्रिया? त्या प्रश्नावल्या भरायच्या कोणी, कॅम्पसवर जाऊन मुलींशी बोलायचे कोणी, ज्युनिअर मुलींचे रडगाणे ऐकायचे कोणी, 8 मार्चचे पॅनेल जमवायचे कोणी? अर्थात बायकांनी. हे तास बिलात धरले जात नाहीत, वर्षअखेरच्या मूल्यमापनात त्यांना रकाना नसतो. पार्टनर करण्याचा विचार साधारण तिशीच्या आसपास होतो, मुले होतात तीही त्याच सुमारास. आणि नेमक्या त्याच वर्षांत कमिटीचे कामही तिच्याच गळ्यात. तिच्याबरोबर लागलेला मुलगा तेवढ्या वेळात एक डील आणखी बंद करून येतो. त्याचा दोष नाही, त्याला कोणी कमिटीवर बोलावलेच नव्हते.

(दर मार्चला आम्हीही ‘कायद्यातील स्त्रिया’ असा विशेषांक काढतो आणि लेख मागतो तेही बायकांकडूनच, तेही बिनमोबदला. तेव्हा फार बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही.)

नियम 49 बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही. रिटेनरचा करार दोन पक्षांतला करार आहे आणि करार लिहिण्यात आपला हात धरणारे कोणी नाही. त्यात रजेचे आठवडे आणि रजेतली रक्कम लिहा. रजेच्या वर्षी बिलेबल तासांचे उद्दिष्ट त्या प्रमाणात कमी होईल असे लिहा. सुटीआधी तिच्याकडे असलेले क्लायंट परत आल्यावर कोणाकडे असतील, हेही लिहा. खरी गळती तिथेच होते. कमिटीचे तास बिलेबल धरा, आणि कमिटीवर निम्मे पुरुष पार्टनर बसवा.

पुढील अंकात अशा कलमांचा मसुदा छापण्याचा विचार आहे. तुमच्या फर्मच्या करारात काही चांगली तरतूद असेल तर या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. फर्मचे नाव छापणार नाही, स्वल्पविराम मात्र तपासून घेऊ.