गळालेल्या मुलीची बातमी कोण देणार?

दरवर्षी दहावीचा निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवशी तेच शीर्षक पहिल्या पानावर येते : ‘यंदाही मुलींचीच बाजी’. २०२५ साली राज्यात ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलगे. पेढा भरवणाऱ्या आईचा फोटो, आतल्या पानांवर शिक्षणसंस्थांच्या अभिनंदनाच्या जाहिराती, आणि शिक्षणाची बातमी वर्षभरापुरती संपली! पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची आहे. सातवीनंतर पुढची शाळा लांब म्हणून घरी बसवलेली, आईबरोबर कापूस वेचायला गेलेली, अठराच्या आत लग्न लावून दिलेली मुलगी या हिशेबात कुठेच नाही. ती नापासांतही मोजली जात नाही. मग बाजी मारली ती कोणत्या मुलींनी, हा साधा प्रश्न बातमी लिहिणाऱ्याला का पडू नये?

पडत नाही, कारण तो विचारायला त्याला कुणी शिकवलेलेच नाही. पत्रकारितेचे अभ्यासक्रम पुण्या-मुंबईला, नागपूरला. पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावी बातमी देणारा वार्ताहर बहुधा पगारी नसतो. त्याची किंमत ठरते ती वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी त्याने किती जाहिराती आणल्या यावर. आणि तालुक्यात जाहिरात देणारे कोण? पुढारी आणि संस्थाचालक, पुष्कळदा एकच माणूस. ज्याच्या दारात जाहिरातीसाठी उभे राहायचे, त्याच्याच शाळेतील मुलींच्या शौचालयाला कुलूप का, हे विचारायचे कसे? ६ जानेवारीला, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाने, या वार्ताहराला शाल-श्रीफळ मिळते. प्रशिक्षण मात्र कुणी देत नाही.

त्यातून जी बातमी घडते ती खात्याच्या चौकटीत अडकलेली. शिक्षणाची बातमी म्हणजे शिक्षण विभागाची बातमी. आपल्या भागातील कितीतरी गोंड, कोलाम, परधान मुली आश्रमशाळांत शिकतात. या शाळा आदिवासी विकास विभागाच्या. पांढरकवड्यालाच त्यांचे प्रकल्प कार्यालय आहे, तरी त्या ‘शिक्षण’ या सदरात क्वचितच बसतात. त्यांची बातमी होते ती मूल दगावले किंवा अत्याचार झाला तरच, आणि तीही गुन्हेगारीच्या पानावर. मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका आहे का, रात्री मुलगी आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेते, हे प्रश्न मृत्यूच्या आधी विचारायचे असतात.

२०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचे सरकारने ठरवले. आकडा सर्वांनी छापला. पण कोलामांचा पोड मुळातच लहान, तिथे पट दहाचाच असणार. शाळा दूर गेली की मुलगा चालत जातो आणि मुलीला घरी ठेवतात, ही खरी बातमी. २०२१ च्या ४ ऑक्टोबरला कोरोनानंतर ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग सुरू झाले आणि महिना संपतो न संपतो तोच एसटीचा संप लागला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. मोफत पासावर शाळेत जाणाऱ्या मुलींचे त्या महिन्यांत काय झाले? संपाची बातमी रोज होती. या मुलींची किती दिवस होती?

काही जण म्हणतील, तुम्हाला बातमीदार नकोत, तुमच्या चळवळीचे प्रचारक हवेत. मुळीच नाही. आमच्याही कामाची उलटतपासणी त्यांनी जरूर करावी. पण तपासणी करायला साधने लागतात, आणि ती फार महागडी नाहीत. प्रत्येक शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, त्यावरून पट, शिक्षक, शौचालय यांची सरकारी नोंद पाहता येते. ती नोंद आणि शाळेतील प्रत्यक्ष स्थिती यांतल्या अंतरातच अर्धी बातमी असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. सभेच्या नोंदवहीवर अंगठा उमटवणाऱ्या बाईला सभा झाल्याचे ठाऊक तरी आहे का, हे तिच्या घरी जाऊन विचारावे. राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीनच्या आत असावी असे आहे. ते अंतर वार्ताहराने एकदा पायी चालून पाहावे, पावसाळ्यात. आणि पोक्सो कायद्याचे २३ वे कलम त्याला पाठ हवे. अत्याचार झालेल्या मुलीचे नाव वगळून गाव, वर्ग आणि बापाचा धंदा छापणे म्हणजे नाव छापणेच. पाच-पंचवीस घरांच्या पोडात आणखी काय सांगायचे बाकी राहते?

एवढे शिकवायला दोन दिवस पुरतात. शिबिर तालुक्याच्या गावी हवे, मराठीत हवे, आणि त्यात एक सत्र कोलामी बोलणाऱ्या आयांचे हवे. घरी कोलामी बोलणारे मूल पहिलीत मराठी पुस्तकापुढे गप्प का बसते, हे त्यांच्याइतके नेमके कुणी सांगणार नाही. त्या दोन दिवसांचा खर्च आणि वार्ताहराचे मानधन वृत्तपत्राच्या मालकाने द्यावे. निकालाच्या दिवशीच्या जाहिरातींतून त्याला ते परवडते. विद्यापीठांच्या पत्रकारिता विभागांनी शिक्षक पाठवावेत. आणि स्त्रियांना वार्ताहर म्हणून नेमावे, केवळ महिला पुरवणीपुरते नव्हे.

१८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजाच्या विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने दोन भागांत छापला. शाळकरी मुलीला सांगण्यासारखे काही असते, हे त्या संपादकाला कळले होते. आज पाने वाढली, रंगीत झाली, आणि मुलगी फक्त पेढा खाताना दिसते.

मैत्रिणींनो, मालकांची वाट पाहत बसू नका. येत्या निकालाआधी आपापल्या तालुक्यातील वार्ताहरांना चहाला बोलवा. गावातील एका शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहायला मिळावे म्हणून त्यांच्यासोबत मुख्याध्यापकांकडे अर्ज करा. पाचवीत असलेल्या किती मुली दहावीला बसल्या, एवढेच मोजा. गळालेल्या प्रत्येक मुलीच्या घरी जा, पण तिचे नाव छापू नका. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ‘मुलींची बाजी’च्या शेजारी हा आकडा छापून आलाच पाहिजे, हा आग्रह धरा.