पेढे आणि फलक

निकालांचा मोसम आला की रायपूरच्या पंडरी भागात, जिथे कापडबाजाराची वर्दळ वर्षभर ओसरत नाही, तिथे रस्त्याच्या कडेला नवे फलक चढतात. त्यांवर मुलांचे चेहरे असतात. चेहऱ्याखाली नाव, नावाखाली टक्के आणि त्याखाली आणखी एक ओळ : कोणत्या संस्थेत, कोणत्या शाखेत, कोणत्या शहरात प्रवेश मिळाला. माथ्यावर ठळक अक्षरांत शाळेचे नाव असते आणि तळाशी नव्या वर्षाच्या प्रवेशासाठी दूरध्वनी क्रमांक. हाच मजकूर वर्तमानपत्रातील जाहिरातीत आणि शाळेच्या संकेतस्थळावरही असतो. ही रीत एकट्या पंडरीची नाही. नागपूर, लातूर, पुणे, कोटा, कोठेही हेच दृश्य आढळते. परंतु पंडरीत एक प्रश्न सहज उभा राहतो. तेथील दुकानदार गिऱ्हाइकापुढे जे ठाण उलगडतो ते त्याच्या मालकीचे असते. शाळा फलकावर जे उलगडून दाखवते, ते तिच्या मालकीचे आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. मुलाला घडवल्याचा आनंद शाळेने मानावा, त्याचा अभिमानही बाळगावा. त्यात वावगे काही नाही. पण शाळा सोडून मूल कोठे जाते, ही बातमी त्या मुलाची आणि त्याच्या घराची आहे. ती कोणाला, केव्हा आणि किती सांगावी, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच. शाळेला ती कळते, कारण दाखले आणि गुणपत्रिका तिच्या कचेरीतून जातात. विश्वासाने हाती आलेली माहिती पुढच्या वर्षीची गिऱ्हाइके मिळवण्यासाठी वापरणे, याला गौरव म्हणता येत नाही.

मराठी घरांत या अधिकाराची एक जुनी रीत आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात आलेल्या कुटुंबांनीही ती टिकवली. मूल पास झाले की पेढे वाटतात. पेढे कोणाकडे न्यायचे, कोणाकडे न्यायचे नाहीत, आधी देवापुढे ठेवायचे की आधी गुरुजींच्या हाती द्यायचे, हे घर ठरवते. ज्या घरी निकाल मनासारखा लागलेला नसतो, त्या घरून पेढे येत नाहीत. आणि शहाणा शेजारी ते का आले नाहीत हे विचारीत नाही. यशाची बातमी देणे आणि अपयशावर पडदा राहू देणे, ही दोन्ही कामे त्या एका पेढ्यात होत असत. फलकाने यांतील पहिले काम शाळेकडे ओढून घेतले आणि दुसरे मोडून टाकले.

छापील निकालालाही पूर्वी असाच एक आडपडदा असे. मॅट्रिकचा निकाल वर्तमानपत्रात येई तो आकड्यांच्या रांगांनी. ज्याला मुलाचा बैठक क्रमांक ठाऊक, त्यालाच तो निकाल वाचता येई. इतरांना ती केवळ अंकांची पाने. गुणवत्ता यादीत नावे येत, पण ती मोजक्यांची. राज्यभराच्या परीक्षेचा निकाल चव्हाट्यावर मांडूनही हजारो घरांची अब्रू त्या क्रमांकाने राखली. ही सोय कोणी तत्त्वज्ञान म्हणून मांडली नव्हती, तरी तिच्यात एक समज होती : निकाल जाहीर असावा, मूल जाहीर असण्याची गरज नाही.

शाळांना दोष देताना सरकारचा वाटा विसरून चालणार नाही. छत्तीसगढचे माध्यमिक शिक्षण मंडळ दहावी-बारावीच्या निकालाबरोबर पहिल्या दहा क्रमांकांची नावे शाळांसह जाहीर करते. २०२५ सालीही ती जाहीर झाली. २०२२ साली तर राज्य सरकारने अशा गुणवंतांना रायपुरात हेलिकॉप्टरमधून फेरी घडवली. बस्तर किंवा सरगुजाच्या आडगावातून आलेल्या मुलीला राज्याने आकाशात न्यावे, यातील उमदेपणा नाकारणे कद्रूपणाचे ठरेल. त्या मुलीच्या गावातील दहा मुलींना त्यामुळे पुढचे वर्ग दिसले असतील. परंतु त्या मुलीला बोलावणे गेले होते आणि ती आली होती. निमंत्रण नाकारण्याची वाट तिच्यापुढे निदान खुली होती. फलकावर छायाचित्र चढवताना अशी वाट बहुधा ठेवलेलीच नसते. सन्मानाचा दुसरा मार्गही आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२४ साली, मुलांमधील अनिष्ट स्पर्धा टाळण्यासाठी, गुणवत्ता यादी काढली नाही; विषयात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या ०.१ टक्के विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत मात्र ठेवली. प्रमाणपत्र मुलाच्या हाती जाते. ते भिंतीवर लावायचे की पेटीत ठेवायचे, हे मूल ठरवते.

फलकाचा सर्वांत मोठा अन्याय त्यावर नसलेल्यांवर होतो. एका वर्गात चाळीस मुले आहेत आणि फलकावर बारा चेहरे आहेत, असे समजा. मोहल्ल्याला चाळीसही ठाऊक असतात. उरलेल्या अठ्ठावीस जणांविषयी फलक एक शब्द बोलत नाही, आणि तरीही त्यांच्याविषयी सर्व काही सांगून टाकतो. त्यांत कोणी आजारी बापाच्या दुकानावर बसलेला असतो, कोणी पुन्हा परीक्षेला बसण्याची तयारी करीत असतो, कोणाचे लग्न ठरलेले असते, कोणी आयटीआयमध्ये वायरमनचे काम शिकायला गेलेला असतो. यांतील एकही गोष्ट लाजेची नाही. तिला लाजेची करतो तो फलक. कारण कोणत्या वाटा दाखवण्याजोग्या आणि कोणत्या झाकण्याजोग्या, याचा निवाडा शाळेने भर रस्त्यात लावलेला असतो.

ज्यांचे नाव झळकते, त्यांचेही सारे बरे होते असे नाही. संस्था, शाखा आणि गुणानुक्रम एकत्र छापले की त्यांतून पुष्कळ काही वाचता येते. अमुक क्रमांकावर अमुक महाविद्यालय मिळाले म्हणजे प्रवेश कोणत्या प्रवर्गातून झाला, याचा हिशेब करणारे लोक असतात. आणि मुलाने वसतिगृहात पाऊल ठेवण्याआधी त्याची जात तेथे पोहोचलेली असते. खाजगी महाविद्यालयाचे नाव घराची ऐपत सांगते. एकटी परगावी जाणारी मुलगी कोणत्या शहरात, कोणत्या संस्थेत सापडेल, हे तिचा चेहरा ओळखणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते, आणि ते ऐकणारे सगळेच हितचिंतक नसतात. फ्लेक्सचा फलक पावसाळ्यात फाटतो. संकेतस्थळावरचे पान फाटत नाही. अठराव्या वर्षी ज्या संस्थेत प्रवेश घेतला ती सहा महिन्यांत सोडून परत आलेल्या मुलाला, शाळेच्या पानावरचा आपला हसरा चेहरा पुढे कैक वर्षे पाहावा लागतो.

यावर जबाबदारीचा युक्तिवाद केला जातो. शाळेतून मुले पुढे कोठे जातात हे पालकांना कळले नाही, तर त्यांनी शाळा पारखायची कशी? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर संख्येत आहे, नावात नाही. जुलै २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या गैरप्रकारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होते. तेव्हा न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला शहरवार आणि केंद्रवार गुण जाहीर करण्यास सांगितले, आणि त्याच आदेशात विद्यार्थ्यांची ओळख झाकण्यास फर्मावले. देशभर संशय दाटलेला असताना, लाखो मुलांच्या निकालाची जाहीर तपासणी नावांवाचून होऊ शकली. इंग्लंडचे शिक्षण खाते शाळा सोडणारी मुले पुढे शिक्षणात गेली, शिकाऊ उमेदवारीत गेली की नोकरीत, याची शाळावार आकडेवारी प्रसिद्ध करते. आणि एखाद्या गटात मुले इतकी थोडी असतील की ती ओळखू यावीत, तर तो आकडाच झाकते. महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी आपल्याकडे पुढील शिक्षणाला गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे, संस्था आणि अभ्यासक्रम यांचे तक्ते मागवले गेले आहेत. पडताळणीसाठी ते मागणे समजण्याजोगे आहे. परंतु पडताळणाऱ्याने पाहावा तो तक्ता साऱ्या जगाने पाहावा, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

दुसरा युक्तिवाद संमतीचा. पालकांची सही घेतलेली असते, असे शाळा सांगतात. ती सही कोठे घेतली जाते, हे पाहावे. प्रवेशाच्या अर्जाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. किंवा शाळा सोडल्याचा दाखला हवा असलेल्या मुलासमोर, कचेरीच्या मेजावर. ज्याच्या हाती दाखला आहे त्याने पुढे केलेल्या कागदाला नाही म्हणणारे पालक विरळा. शिकवणी वर्गांच्या बाबतीत हा प्रकार कायद्याने ओळखला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, यशस्वी विद्यार्थ्याचे नाव किंवा छायाचित्र वापरायचे असेल तर त्याची लेखी संमती निवड झाल्यानंतर घ्यावी लागते. 'निवड झाल्यानंतर' या दोन शब्दांत त्या नियमाचे शहाणपण आहे. जे अजून घडलेच नाही त्याची बातमी विकण्याची परवानगी आगाऊ कोण देणार? शिकवणी वर्गाकडून ज्याची अपेक्षा केली जाते, त्याहून कमी अपेक्षा शाळेकडून करावी, हे शाळेलाच कमीपणा आणणारे आहे.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली, आणि संमती मुक्त, विशिष्ट व बिनशर्त असावी, ती मागेही घेता यावी, असे म्हटले. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी लागू होण्यास मात्र अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. या मुदतीचा अर्थ शाळांनी तेवढे फलक आणखी लावून घ्यावेत असा करू नये.

कायद्यापलीकडेही एक कारण आहे, आणि रायपूरला ते समजायला हरकत नाही. याच शहरात शिकलेले माधवराव सप्रे पुढे सरकारी नोकरीच्या वाटेला न लागता १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढू लागले. मातृभाषा मराठी असलेल्या या गृहस्थांनी हिंदीची सेवा केली, समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. शाळा सोडताना अशा माणसाच्या छायाचित्राखाली कोणती ओळ छापता आली असती? शाळेबाहेरचे पहिले पाऊल म्हणजे मुक्काम नव्हे. त्या पावलाला मुक्काम म्हणून जाहीर केले की वाट बदलणे हे माघार घेतल्यासारखे दिसू लागते, आणि तरुण माणसाचा चुकण्याचा, परतण्याचा, नव्याने ठरवण्याचा हक्क लोकांच्या नजरेखाली आखडतो.

शाळांनी करावयाचे काम अवघड नाही. किती मुले उत्तीर्ण झाली, किती कोणत्या प्रकारच्या शिक्षणाला किंवा कामाला गेली, हे आकडे सर्व वाटांना सारखी जागा देऊन छापावेत. नाव आणि चेहरा छापायचा तो निकालानंतर, दाखला हाती दिल्यानंतर, मुलाने आणि अठराखालील असल्यास पालकांनी वेगळी लेखी परवानगी दिली तरच; प्रवेशाच्या जाहिरातीत तर मुळीच नाही. वर्ष सरताच ते पान संकेतस्थळावरून उतरवावे, आणि मुलाने त्याआधी सांगितल्यास त्याच दिवशी. एवढे केल्याने एखाद्या शाळेचे प्रवेश कमी होतील, ही भीती खरी असेलही. तशी ती असेल, तर ती शाळा आजवर शिकवण्यावर नव्हे, मुलांच्या चेहऱ्यांवर चालत होती, एवढेच सिद्ध होईल.

आणि एखादे मूल पुढल्या मोसमात पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेच्या दारी आलेच, तर शिक्षकांनी तो आनंदाने घ्यावा. ती बातमी त्यांना मुलाने स्वतः सांगितलेली असेल. पंडरीच्या रस्त्यावर ती पुन्हा ओरडून सांगण्याचे काही कारण उरत नाही.