चूल कोणाची, पावती कोणाची?

गारखेड्यातल्या आम्ही मैत्रिणी दोन दिवसांच्या सुटीसाठी म्हैसमाळकडे शेतावरचं घर शोधत होतो. 'चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा' असं वाचून सगळ्या खूश. रांधा-वाढा-उष्टी काढा यातून सुटका! मग प्रश्न पडला, धुरात बसून आम्हा वीसजणींच्या भाकऱ्या कोण थापणार? मालकांना फोनवर विचारलं, तर म्हणाले, "घरच्याच बाया. त्यांना कसले पैसे?"

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. कोरडवाहू शेतीला असा जोडधंदा हवाच. पण तो कोणाच्या नावावर? वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलींना समान हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला, केंद्राने २००५ साली. तरी बहुतेक सातबाऱ्यांवर नाव पुरुषाचंच. मग पाहुण्यांचे पैसेही त्याच्याच हातात आणि तिच्या वाट्याला वाढीव भाकऱ्या.

मैत्रिणींनो, घर ठरवताना खोल्या, झाडं, विहीर जरूर पाहा. पण हेही विचारा: सातबाऱ्यावर बाईचं नाव आहे का? रांधणारीला मजुरी किती? तिला सुटी कधी? आम्ही ते घर सोडलं, दुसरं शोधतोय. आपली सुटी दुसरीच्या वेठबिगारीवर नको.