धुराडे आधी आपल्या छताच्या वर न्या

लग्नसराईत लाईट गेली की महाडात आणि पोलादपुरात किती वीजकेंद्रे सुरू होतात, हे एकदा कान देऊन मोजा. हॉल, लॉज, दवाखाने, दुकाने, सगळ्यांच्या मागे डिझेल जनरेटर. १०० केव्हीएचे दहा संच एकत्र केले तर सुमारे ८०० किलोवॅटचे तेलावरचे केंद्र होते. नगरपरिषदेने असे केंद्र भर वस्तीत बांधायला काढले असते तर आपण मोर्चा नेला असता. तुकड्यातुकड्यांनी ते आपणच बांधले, म्हणून गप्प आहोत.

मी आमच्या जमातीच्या कमिटीवर आहे. आमच्या हॉलच्या जनरेटरचा पाइप मागच्या गल्लीत, खिडकीच्या उंचीवर उघडतो. वलीम्याची रोषणाई आमची, काजळी शेजाऱ्याच्या घरात. रस्त्यातला काटा उचलणे आपण सवाबाचे काम मानतो. मग हा धूर कोणत्या खात्यात मांडायचा?

नियम साधा आहे. १०० केव्हीएच्या संचाचे धुराडे इमारतीच्या छतापेक्षा किमान २ मीटर उंच हवे. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे.

कोणी म्हणेल, २०२१ चा पूर विसरलात का? नाही. दवाखान्यात जनरेटर हवाच. पण हॉलच्या दिव्या-पंख्यांना बॅटरी पुरते, आणि जिथे जनरेटर लागतोच तिथे धुराडे उंच करणे कुठल्याही कमिटीला जड नाही.

चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा पाणी ओंजळीत आले. त्याच डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. पाणी सर्वांचे, तर हवा कोणाची?

माझी मागणी दोन कार्यालयांकडे आहे: महाड नगरपरिषद आणि पोलादपूर नगरपंचायतीने प्रत्येक जनरेटरची क्षमता आणि धुराड्याची उंची नोंदवून यादी जाहीर करावी. यादीत पहिले नाव आमच्या हॉलचे असू द्या. एमआयडीसीच्या धुरावर बोट दाखवायचे तर ते बोट आधी स्वच्छ हवे.