स्पीकरचा आवाज वाढतोय? आधी कान तपासा

मोबाईलला ब्लूटूथ स्पीकर जोडला की घरात सकाळी भजनं, संध्याकाळी जुनी गाणी सुरू होतात. तासन्‌तास इअरफोन घालून बसण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. पण येरवड्यात लक्ष्मीनगरसारख्या दाट वस्तीत दोन घरांत एकच भिंत असते. आजोबांनी आवाज वाढवला की आधी घरात आणि मग शेजारी कुरबुर सुरू होते.

माझं मत स्पष्ट आहे: अशा वेळी भांडू नका, आजोबांचे कान तपासून घ्या. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. ठेका ऐकू येतो, शब्द कळत नाहीत, म्हणून माणूस आवाज वाढवतो. त्याने शब्द फारसे स्पष्ट होत नाहीत. कधी कारण नुसता मळ असतो. तो डॉक्टरांकडून काढून घ्या. कानात काडी किंवा गरम तेल घालू नका.

तोवर स्पीकर त्यांच्याजवळ ठेवा, कमी आवाजात भागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० चा फक्त ४ तास. शिवाय निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ कायद्याची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. लवकर उपचार मिळाले तर ऐकू परत येण्याची शक्यता वाढते.