पाणावणारा डोळा कोरडा कसा?

डोळ्यांचा कोरडेपणा, ज्याला वैद्यकाच्या परिभाषेत शुष्कनेत्र विकार म्हणतात, हा निदानाच्या दृष्टीने अडचणीचा आजार आहे, कारण त्यात तक्रार आणि खूण यांची गाठ अनेकदा पडत नाही: ज्याचे डोळे दिवसभर चुरचुरतात त्याचे बुबुळ तपासणीत स्वच्छ निघते, तर ज्याच्या बुबुळावर ठिकठिकाणी झीज दिसते तो कित्येकदा कसलीच कुरकुर करत नाही. त्यात भर म्हणजे ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या दवाखान्यांत ही व्यथा पुष्कळदा ‘डोळ्यांतून सारखे पाणी येते’ याच शब्दांत सांगितली जाते, आणि पाणावणाऱ्या डोळ्याला डॉक्टरांनी कोरडा म्हटले की रुग्णाला ती थट्टा वाटते. प्रत्यक्षात डोळ्याचा पृष्ठभाग सुकू लागला की तेथील मज्जातंतू मेंदूला कळवतात आणि मुख्य अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोट सोडते. मात्र हे पाणी डोळ्यावर टिकून न राहता गालावर ओघळते.

ते टिकत का नाही, हे कळण्यासाठी अश्रुपटलाची, म्हणजे डोळ्यावर सतत पसरलेल्या अश्रूंच्या पातळ थराची, घडण ध्यानात घ्यावी लागते. या थरात पाणी असते, त्याला डोळ्याच्या पृष्ठभागाशी धरून ठेवणारा चिकट श्लेष्मा असतो आणि पाण्याची वाफ होऊ नये म्हणून वर तेलाचा तलम पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेत ओळीने बसलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते, ज्यांचे नाव सतराव्या शतकातील जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांच्यावरून पडले. पाणी कमी पडले तरी डोळा कोरडा होतो आणि तेल कमी पडून पाणी उडून गेले तरीही होतो, आणि आढळात दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक आहे. केवळ पाणी मोजणारी कोणतीही चाचणी त्यामुळे अर्धेच सांगते, आणि तरीही ‘कोरड्या डोळ्याची टेस्ट’ म्हटले की लोकांना कागदाची ती एक पट्टीच आठवते.

खरी तपासणी यंत्रापूर्वी, प्रश्नांपासून सुरू होते. ‘टिअर फिल्म अँड ऑक्युलर सरफेस सोसायटी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 च्या अहवालाने निदानाची जी चौकट घालून दिली, तिच्यात ठरावीक प्रश्नावलीने तोललेल्या तक्रारीला पहिले स्थान आहे. अशा प्रश्नावल्यांपैकी बऱ्याच वापरातल्या एकीत गेल्या आठवड्याविषयीचे 12 प्रश्न असतात; प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण देऊन एकूण मोजमाप शंभरापैकी काढले जाते आणि 13 किंवा त्याहून अधिक गुण झाले तर तक्रार दखलपात्र मानली जाते. रात्री गाडी चालवताना त्रास होतो का, हा त्यातला एक प्रश्न डोंबिवलीहून रोज फास्ट लोकलने जाणाऱ्या आणि आयुष्यात कधी स्टिअरिंग न धरलेल्या माणसाला लागूच होत नाही. अशा वेळी तेथे शून्य न टाकता तो प्रश्न हिशेबातून वगळायचा असतो, कारण शून्य टाकले तर सरासरी खाली येऊन दुखणारा डोळा कागदावर निरोगी ठरतो. उलट वारा आणि वातानुकूलित जागा यांविषयीचे प्रश्न याच माणसाला नेमके लागू पडतात, कारण तो दारात उभा राहून वारा खात जातो आणि पुढचे आठ-नऊ तास एसीच्या झोताखाली पडद्याकडे पाहत बसतो, जेथे पापण्यांची उघडझाप निम्म्यावर येऊ शकते आणि होते तीही अर्धवट होते. पावसाळ्यात खाडीकाठच्या या शहरांत भिंतींना ओल येत असताना कोणाचे डोळे सुकतील हे म्हणूनच आश्चर्य नव्हे. डोळ्याला गावाची हवा लागत नाही, कचेरीची लागते.

शब्दांचाही प्रश्न आहेच. चुरचुरणे, जळजळणे, खुपणे, खडा रुतल्यासारखे वाटणे, संध्याकाळी डोळे जड होणे आणि खाजणे या मराठीत वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली शेवटची सहसा अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवते. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर बांधकामाची धूळ खाणाऱ्या डोळ्यांत दोन्ही विकार एकत्र नांदू शकतात. ‘काय होतंय?’ एवढे विचारून ‘इरिटेशन’ असे लिहून घेणाऱ्या दवाखान्यात हा भेद पहिल्याच मिनिटाला हरवतो. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन, काचबिंदूचे परिरक्षक घातलेले थेंब, मधुमेह, संधिवात, रजोनिवृत्ती यांची चौकशीही याच टप्प्यावर व्हायला हवी.

त्यानंतर रुग्ण स्लिट लॅम्पपुढे, म्हणजे प्रकाशाची बारीक फट टाकून डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकापुढे, हनुवटी टेकवून बसतो. फ्लुओरेसिन या रंगाची, नारिंगी टोकाची कागदी पट्टी सलाइनच्या थेंबाने ओलावून खालच्या पापणीच्या आत हलकेच टेकवली जाते, निळा प्रकाश सोडला जातो आणि क्षणार्धात संपूर्ण बुबुळावर हिरवट झळाळी पसरते. रुग्णाला एक-दोनदा पापण्या मिटून मग डोळा उघडा ठेवायला सांगतात आणि सेकंद मोजू लागतात: त्या हिरव्या तलावात कुठेतरी पहिला काळा ठिपका उमटतो, ठिपक्याची रेघ होते, रेघ फाटत जाते. अश्रुपटल फुटण्याचा हा काळ दहा सेकंदांहून कमी भरला तर ते अस्थिर मानले जाते. त्याच रंगात बुबुळावरच्या झिजलेल्या पेशी टाचणीने टोचल्यासारख्या हिरव्या ठिपक्यांनी चमकतात. असे पाचांहून अधिक ठिपके बुबुळावर दिसणे ही त्या अहवालाने स्वीकारलेली दुसरी खूण, आणि अश्रूंतील क्षारांची दाटी लिटरला 308 मिलिऑस्मोल किंवा त्याहून अधिक भरणे किंवा दोन डोळ्यांत 8 पेक्षा जास्त फरक असणे ही तिसरी. तक्रार आणि या तिन्हींपैकी कोणतीही एक खूण जुळली की निदान होते. रंग न घालता अश्रुपटल फुटण्याचा काळ मोजणारी यंत्रे मिळतात आणि शक्य तेथे तीच अधिक पसंत केली जातात, परंतु ज्या दवाखान्यात ती नाहीत तेथे निदान अडून राहत नाही.

पाणी मोजणारी कागदाची पट्टी या क्रमात बरीच मागे येते. ओटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने 1903 मध्ये वर्णिलेली ही चाचणी म्हणजे गाळणकागदाची 5 मिलिमीटर रुंद आणि 35 मिलिमीटर लांब पट्टी. तिचे टोक दुमडून खालच्या पापणीत, कानाकडच्या बाजूला अडकवतात आणि पाच मिनिटांत ओल किती मिलिमीटर उतरली ते मोजतात. पाच किंवा त्याहून कमी मिलिमीटर हा आकडा गंभीर असतो आणि शोग्रेन विकाराच्या निकषांतही तो धरला जातो. 1933 मध्ये स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन यांनी मांडलेल्या या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते, म्हणून कोरड्या डोळ्यांबरोबर कोरड्या तोंडाची विचारपूस करणे हा नेत्रतज्ज्ञाच्या कामाचाच भाग आहे. मात्र पट्टी डोळ्यात खुपते आणि खुपल्यामुळे जादा पाणी सुटते, वर पंखा फिरत असेल तर ओल वेगळीच उतरते, आणि तेलाच्या कमतरतेने सुकलेला डोळा या पट्टीवर दिमाखात उत्तीर्ण होतो.

तेल तपासायला फारसे काही लागत नाही. पापणीच्या कडेवर बोटाने किंवा कापसाच्या काडीने हलका दाब दिला की निरोगी ग्रंथीतून खाद्यतेलासारखा स्वच्छ थेंब येतो आणि तुंबलेल्या ग्रंथीतून टूथपेस्टसारखा घट्ट पांढरा पदार्थ येतो किंवा काहीच येत नाही. अवरक्त किरणांनी ग्रंथींचे चित्र घेणारी यंत्रे आता उपनगरांतही आली आहेत. ती गुणाची असली, रुग्णाला झडलेल्या ग्रंथी पडद्यावर दाखवून पटवायला उपयोगी असली, तरी ज्याने पापणी दाबून पाहिलेली नाही आणि प्रश्न विचारलेले नाहीत त्याच्या हातची ती छायाचित्रे म्हणजे महागडी शोभा. त्याहून वाईट प्रकार मेडिकलच्या काउंटरवर चालतो, जेथे लाल डोळा दाखवून स्टिरॉइडचा थेंब मिळतो, चार दिवस बरे वाटते आणि डोळ्यातील दाब वाढला तर तो कोणी मोजत नाही.

वयस्कांच्या बाबतीत या दुर्लक्षाची किंमत निराळ्या ठिकाणी मोजावी लागते. गणेशोत्सवापासून नगरसेवकांच्या वाढदिवसांपर्यंत या शहरांत जी नेत्रतपासणी शिबिरे भरतात, त्यांचा सारा रोख चष्मा आणि मोतीबिंदू यांवर असतो, आणि रांगेत तासभर उभ्या असलेल्या आजोबांना चुरचुरण्याविषयी विचारायला कोणाला सवड नसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या भिंगाचा नंबर बुबुळाची वक्रता मोजून ठरवतात, आणि ती वक्रता अश्रुपटलावरून परावर्तित झालेल्या प्रकाशानेच मोजली जाते. पटल फाटके असेल तर एकाच डोळ्याचे आकडे दर वेळी निराळे येतात आणि भिंगाचा नंबर चुकू शकतो. म्हणूनच चांगल्या दवाखान्यात हे मोजमाप रंगाचा किंवा बधिरतेचा थेंब पडण्याआधी होते, आकडे जुळत नसतील तर भिंगाची निवड थांबवली जाते आणि आधी काही आठवडे पापण्यांना ऊनऊन शेक आणि कृत्रिम अश्रू देऊन मग पुन्हा मोजले जाते, मग घरच्यांनी शस्त्रक्रियेचा मुहूर्त काढलेला असला तरी.