हजेरीनंतरची विचारपूस

संयुक्त अरब अमिरातीने २०१७ साली कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र मंत्री नेमला. त्याच साली अल ऐन येथील विद्यापीठाने 'मुताबआ' हा अभ्यास सुरू केला. १०,००० गर्भवती स्त्रियांची नोंद करायची आणि त्यांच्या मुलांवर सोळा वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचे, असा त्याचा बेत. त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे बाळाचे जन्मवजन यंत्राकडून अजमावूनही पाहिले. बाळ कमी वजनाचे होणार हे आधी कळले, तर आईची काळजी वेळीच घेता येते.

परंतु 'मुताबआ'त नोंद होते ती अमिराती स्त्रियांची. त्या देशात दहांपैकी सुमारे नऊ जण परदेशी आहेत. दुबई-शारजात राहणारी मराठी सून त्यांतच आली. पहिल्या बाळंतपणाला माहेर हवे, ही आपली रीत. तिचे माहेर मात्र समुद्रापार. जिची नोंद नाही, तिच्याविषयी यंत्र काय शिकणार?

मनाचे दुखणे तर याहून अवघड. बाळंतिणीची उदासी ओळखण्यासाठी एडिंबरोची दहा प्रश्नांची यादी १९८७ पासून वापरात आहे. तिची अरबी आवृत्ती अमिरातीतच पारखली गेली. हे प्रश्न यंत्रही विचारील, आणि तेही अनेक भाषांत. पण उत्तर ऐकून तिच्याजवळ बसणार कोण?

याचे उत्तर आम्हांला मुंबईत दिसते. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापलेली 'अरमान' संस्था गरोदर स्त्रियांना व नव्या मातांना दूरध्वनीवरून आरोग्याचे निरोप ऐकवते. काही जणी मध्येच ऐकणे सोडतात. कोणाला फोन केल्याने उपयोग होईल, हे गूगलच्या संशोधकांनी घडवलेले यंत्र सुचवते. मग आरोग्यसेविका तिच्याशी स्वतः बोलते. चाचणीत ही गळती सुमारे ३० टक्क्यांनी घटली.

आम्ही शिक्षक रोज हजेरी घेतो. गैरहजर मुलाच्या नावापुढे फुली मारली म्हणजे काम संपत नाही. त्याच्या घरी विचारपूस करावी लागते. यंत्राने फुली मारावी, विचारपूस माणसानेच करावी.

उद्या असे यंत्र आपल्या मॉरिशसलाही येईल. तेव्हा दोन गोष्टी विचारू या : आपल्या लेकीसुनांची नोंद त्यात आहे काय? आणि यंत्राने इशारा दिल्यावर दार ठोठावणार कोण? यंत्राची वाट न पाहता, आपल्या शेजारी दिवस गेलेली सून असेल, तर आजच तिच्याकडे जाऊन यावे.